मुलांचें शास्त्रवाचन व त्यांचे प्रश्न

संध्याकाळची कौटुंबिक उपासना चालली आहे. वडिलांनीं लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचून संपविला. उधळ्या पुत्राची गोष्ट घरांतील सर्वांच्या इतक्या परिचयाची, कीं वाचणाऱ्याच्या आधींच आजीबाईंचे ओठ हलत होते. पुस्तक मिटलें, आतां प्रार्थनेसाठीं डोळे मिटावयाचे, तोंच आठ वर्षांच्या मुलानें विचारलें, "बाबा, मग तो मोठा भाऊ घरांत गेला कीं नाहीं?" वडील क्षणभर थांबले. "गेला असेल," असें म्हणून त्यांनीं प्रार्थनेस आरंभ केला.

हें दृश्य कल्पित आहे. पण ज्या घरांत मुलांसमोर शास्त्र वाचलें जातें, अशा कोणत्याहि घरीं तें घडण्याजोगें आहे. वडिलांचें उत्तर खोटें होतें असें नाहीं. मात्र मुलानें जें नेमकें हेरलें होतें, तें त्या उत्तरानें पुसून टाकलें. मोठा भाऊ आंत गेला असें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं, आणि गेला नाहीं असेंहि लिहिलेलें नाहीं. आंत गाणेंबजावणें चाललें आहे, बाहेर बाप त्याची समजूत घालीत उभा आहे, आणि गोष्ट तेथेंच थांबते. ही गोष्ट सांगितली कोणाला, हें त्याच अध्यायाच्या आरंभीं दिलें आहे. जकातदार व पापी यांच्या पंक्तीला येशू बसतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करीत होते. त्यांना उद्देशून ती सांगितलेली आहे. तो रुसलेला मोठा भाऊ म्हणजे तेच ऐकणारे. आंत जावयाचें कीं नाहीं हें त्यांचें त्यांनींच ठरवावयाचें होतें. मग गोष्टीला शेवट कोठून असणार? आठ वर्षांच्या मुलाला हें सारें सुचलें नव्हतें. कांहींतरी सांगावयाचें राहून गेलें आहे, एवढेंच त्याला दिसलें. खोल प्रश्नाचा उगम बहुधा इतकाच लहान असतो. "लिहिलेलें नाहीं खरें. कां बरें लिहिलें नसेल?" एवढें जरी वडील म्हणाले असते, तरी त्या रात्रीं त्या घरांत शास्त्राचें वाचन खऱ्या अर्थानें झालें असतें.

ख्रिस्ती धर्मशिक्षणांत प्रश्नाला जागाच नव्हती, असें मात्र कोणी म्हणूं नये. उलट, ज्या पुस्तकांवर ख्रिस्ती मुलांच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या, तीं बहुतेक प्रश्नोत्तरांचींच आहेत. मार्टिन ल्यूथरनें १५२९ सालीं जी लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली, ती कुटुंबप्रमुखानें आपल्या घरांतील माणसांना शिकवावी अशा हेतूनें लिहिलेली होती. तींत प्रत्येक आज्ञेनंतर व प्रार्थनेंतील प्रत्येक मागणीनंतर, याचा अर्थ काय, हा एकच प्रश्न पुनः पुनः येतो. १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरावलींत एकशें सात प्रश्न आहेत. गोव्यांत १६१६ सालीं छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराणांतहि श्रोते मधून मधून शंका विचारतात व पाद्री त्यांचें निरसन करितो. ही परंपरा मोठी आहे. अर्थ काय, हा ल्यूथरचा प्रश्न तर प्रत्येक वाचकानें आयुष्यभर जवळ बाळगावा असा आहे. अडचण एवढीच, कीं प्रश्नाच्या खालींच उत्तर छापलेलें असतें. प्रश्न गुरूचा, उत्तरहि गुरूचें. मुलाकडे काम राहतें तें केवळ स्मरणाचें. पाठांतराला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. ज्याला लहानपणीं तेविसावें स्तोत्र मुखोद्गत झालें, त्याला आजारपणांत व स्मशानांत त्याचा किती आधार होतो, हें ख्रिस्ती कुटुंबांना सांगावयास नको. पण उत्तर पाठ असणें ही एक गोष्ट आणि प्रश्न पडणें ही दुसरी.

आणि शास्त्राची स्वतःची समजूत अशी दिसते, कीं प्रश्न मुलानेंच विचारावा. निर्गमाच्या पुस्तकांत वल्हांडण सणाची आज्ञा देतांना पुढें काय होईल तेंहि सांगून ठेविलें आहे: मुलें विचारतील, कीं हा विधि तुम्ही कशासाठीं करितां, तेव्हां त्यांना मिसर देशांतील सुटकेची हकीकत सांगावी. यहुदी कुटुंबांत आजतागायत त्या रात्रीं सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारतें व त्यानंतरच कथेला प्रारंभ होतो. येशूच्या बालपणाची जी एकच गोष्ट शुभवर्तमानांत आली आहे, तीहि अशीच आहे. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकतो आहे व त्यांना प्रश्न विचारतो आहे. तीन दिवस शोधून दमलेल्या आईबापांना तो सांपडतो, तेव्हां त्यांनाहि तो प्रश्नच करितो, आणि तो त्यांना समजत नाहीं. लूकानें हें मोकळेपणानें लिहिलें आहे. मरीयेनें त्याला उत्तर दिलें नाहीं व गप्पहि केलें नाहीं. तिनें त्या सर्व गोष्टी मनांत जपून ठेविल्या. धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत पालकांसाठीं पुष्कळ सूचना असतात, पण न समजलेला प्रश्न असा जपून ठेवावा ही सूचना सहसा आढळत नाहीं.

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत तर प्रत्येक रविवारच्या शाळेंत शिकविला जातो. शिक्षक विचारतात: वाटेंत कोण पडला होता? प्रथम कोण आला? दुसरा कोण? शोमरोन्यानें जखमांवर काय ओतलें? मुलें हात वर करितात, उत्तरें बरोबर येतात, शिक्षक संतुष्ट होतात. हे प्रश्न अवश्य विचारावेत, कारण गोष्टच नीट लक्षांत नसेल तर पुढचें सर्व व्यर्थ. पण येथेंच थांबलें तर दृष्टांताच्या दारांतूनच परत फिरल्यासारखें होतें. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "तो याजक कां थांबला नाहीं?" या ठिकाणीं ठराविक उत्तर तयार असतें: तो दुष्ट होता. उत्तर ऐकून मुलगी गप्प बसते व आपण दुष्ट नाहीं म्हणून निश्चिंत होते.

त्याऐवजीं तिला पुन्हां पुस्तकाकडे न्यावें. वाट कोणती? यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी. सुमारें सतरा मैलांची आणि तीन हजार फुटांहून अधिक उतरणीची, डोंगरांतील, ओसाड व चोरांच्या भीतीची. माणूस कसा पडला होता? अर्धमेला. लेवीय पुस्तकांत याजकांसाठीं असा नियम आहे, कीं जवळच्या नातलगाव्यतिरिक्त कोणाच्याहि प्रेताचा विटाळ त्यांनीं होऊं देऊं नये. पडलेला माणूस जिवंत कीं मृत, हें दुरून कळणारें नव्हतें. मग तो याजक दुष्ट होता, कीं भ्याला होता, कीं नियम पाळीत होता? येथें मुलगी आणखी एक पाऊल टाकील: पण याजक तर वाट उतरत होता असें लिहिलें आहे, म्हणजे मंदिरांतील काम आटोपून घरींच चालला असेल, मग विटाळाची एवढी भीति कशाची? या प्रश्नावर विद्वानांतहि एकमत नाहीं, आणि तिला तसें सांगण्यांत कमीपणा नाहीं. तिच्या हातीं जें लागलें तें मोलाचें आहे: चांगला म्हणविणारा मनुष्यहि कांहीं तरी कारण पुढें करून रस्त्याच्या पलीकडून जाऊं शकतो. दुष्टाची गोष्ट आतां तिच्या ओळखीच्या माणसांची गोष्ट झाली.

या दृष्टांतांतील सर्वांत मोठा प्रश्न मात्र शेवटीं आहे. शास्त्र्यानें विचारलें होतें, कीं आपला शेजारी कोण. येशूनें गोष्ट सांगून तो प्रश्नच उलटा फिरविला: तिघांपैकीं त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? पहिल्या प्रश्नांत विचारणारा मध्यभागीं उभा राहून इतरांना मोजतो. दुसऱ्यांत त्याचेंच मोजमाप होतें. शास्त्री उत्तर देतो तें देखील पाहण्यासारखें आहे. "शोमरोनी" हा शब्द तो उच्चारीत नाहीं. ज्यानें दया केली तो, असें म्हणून वेळ मारून नेतो. त्यानें नांव कां घेतलें नाहीं, असें एकदां मुलांना विचारून पाहावें. महाराष्ट्रांतील मुलांना याचें उत्तर इतर देशांतील मुलांपेक्षां लवकर सुचतें. अमक्या वस्तींतला, तमक्या लोकांपैकीं, असें आडवळणानें बोलणें त्यांनीं घरींदारीं ऐकलेलें असतें.

योहानाच्या चौथ्या अध्यायांत तर हें अधिकच जवळ येतें. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्री पाणी भरावयास आली आहे आणि येशू तिच्याजवळ प्यावयास मागतो. यहुदी व शोमरोनी यांचा व्यवहार नव्हता, असा खुलासा योहानाला मुद्दाम करावा लागला. ज्या प्रांतांत १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथील मुलाला तो खुलासा लागत नाहीं. तें एकदम विचारतें, "तिच्या घागरींतलें पाणी तो प्यायला?" आणि थोडें मोठें झालें म्हणजे विचारतें, "मग आपल्या मंडळींत लग्नें जुळवितांना पूर्वीची जात कां पाहतात?" हा प्रश्न घरांत अवघड शांतता पसरविणारा आहे. भारतांतील ख्रिस्ती मंडळ्यांतून जातिभेद पार नाहींसा झाला आहे, असें प्रामाणिकपणें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं. अशा वेळीं बहुतेक वडील माणसें मुलाला उद्धट ठरवितात. वास्तविक मुलानें फक्त दिलेला अध्याय लक्षपूर्वक वाचलेला असतो.

याच अध्यायानें महाराष्ट्रांतील एका थोर स्त्रीच्या आयुष्याला वळण लाविलें, आणि तेंहि तिनें प्रश्न विचारला म्हणून. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताला न जुमानतां आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें मुलीस तोंडीं संथा देऊन शिकविलें. पुराणांतील हजारों श्लोक रमाबाईंना लहान वयांतच मुखोद्गत होते. कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण वाचीत हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण गेलीं. भावाबरोबर पायीं देश पालथा घालीत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या, तेव्हां त्यांच्या पाठांतरानें तेथील विद्वान थक्क झाले व त्यांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण पाठांतराच्या त्या सर्व वर्षांत त्यांना जो प्रश्न पडला नव्हता, तो कलकत्त्यास पडला. पडद्यांतील स्त्रियांपुढें शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्यानें द्यावीं, असें पंडितांनीं सुचविलें. त्यासाठीं त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः वाचूं लागल्या. इतर अनेक बाबतींत परस्परांशीं न जुळणारे ग्रंथ स्त्रियांना हीन लेखण्यांत मात्र एकमत आहेत, असें त्यांना आढळलें. पुढें १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं तसें लिहून ठेविलें आहे. इतरांना शिकविण्यासाठीं वाचावयास बसलें म्हणजे प्रश्न पडतात, ही गोष्ट शिक्षकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

१८८३ सालीं रमाबाई इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाकडे राहिल्या. भगिनींनीं त्यांना लंडनमधील फुलहॅम येथें समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं चालणारें काम दाखविलें. तें पाहून रमाबाईंनीं विचारलें, कीं अशा स्त्रियांची एवढी काळजी घ्यावी असें या लोकांना कां वाटतें? या प्रश्नाला पाठ असलेलें एखादें वचन तोंडावर फेकतां आलें असतें. त्या भगिनीनें शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. प्रश्नाला उत्तर म्हणून वाचन पुढें ठेवावें, ही युक्ति धर्मशिक्षणाच्या कोणत्याहि पद्धतीहून श्रेष्ठ म्हणावी लागेल. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंचा व त्यांची दोन वर्षांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

प्रश्न मात्र तेथें संपले नाहींत. त्रैक्याचें तत्त्व, येशूचें देवत्व, अथनाशियसच्या नांवानें चालणारा विश्वासांगीकार, यांतील जें शुभवर्तमानांत आपल्याला दिसत नाहीं तें केवळ मंडळी म्हणते म्हणून मान्य करावयास रमाबाई तयार नव्हत्या. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिला यांत अहंकार दिसे. ती वाईट स्त्री नव्हती. रमाबाईंवर तिचें मनापासून प्रेम होतें व मनोरमेला तिनें मायेनें सांभाळलें. पण प्रश्न म्हणजे आज्ञाभंग, अशी तिची धारणा होती. चेल्टनहॅमच्या कन्याविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांची रीत निराळी होती. त्यांचा स्वतःचा विश्वास दृढ असला, तरी तो शंकांच्या काळांतून तावून सुलाखून निघालेला होता. त्या रमाबाईंशीं मुद्देसूद वाद करीत, आपलें मत लपवीत नसत आणि विचार करण्याचा त्यांचा हक्कहि नाकारीत नसत. या तिघींचीं पत्रें १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत. तीं वाचतांना वाटतें, कीं रमाबाई ख्रिस्ती धर्मांत टिकल्या याचें श्रेय आज्ञा करणारीपेक्षां वाद करणारीकडे अधिक जातें. हें अनुमान आहे, आणि त्याविरुद्धहि बोलतां येईल. खुद्द रमाबाईंनीं पुढें लिहिलें आहे, कीं बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षेंपर्यंत त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पण ती आठ वर्षें प्रश्न दाबून काढावीं लागलीं असतीं, तर नववें वर्ष उजाडलें असतें काय?

त्या पत्रव्यवहारांत मनोरमेच्या धर्मशिक्षणाचाहि वाद आहे. आई चेल्टनहॅमला शिकत होती, मूल वाँटेजला भगिनींच्या हातीं होतें. जें तत्त्व आईलाच पटलेलें नाहीं, तें तीनचार वर्षांच्या मुलीच्या तोंडीं घालावें काय? मुलीला ख्रिस्ती करून घेतलें, मग मंडळीचें शिक्षण देण्यास हरकत कां, असें सिस्टर जेराल्डीनचें म्हणणें. एका बाजूस प्रेमळ शिक्षिका, दुसऱ्या बाजूस करारी आई, आणि मध्यें प्रश्न विचारण्याचें वयहि न झालेलें मूल. आजच्या घरांतील वाद इतका तीव्र नसतो, पण जात तीच असते.

विश्वास ठेवणाऱ्या आईबापांची भीति खोटी नव्हे. मुलाला प्रश्न विचारावयास शिकवावें आणि त्यानें उद्यां उपासनेसच येऊं नये, असें घडतें. त्यावर खात्रीचा उपाय कोणाजवळ नाहीं. पण न विचारलेला प्रश्न नाहींसा होत नाहीं. तें मूल तो बरोबर घेऊन महाविद्यालयांत जातें आणि अशा माणसाला विचारतें, कीं ज्याला त्या पुस्तकाबद्दल प्रेमहि नसतें व माहितीहि नसते. शास्त्रांतील भक्तांना याचें भय दिसत नाहीं. ईयोब देवाला जाब विचारतो. हबक्कूक संदेष्ट्याचें पुस्तक तर तक्रारीनेंच सुरू होतें. आणि अब्राहामानें सदोमासाठीं पन्नासांपासून दहांपर्यंत जी घासाघीस केली, ती एखाद्या बाजारांतल्यासारखीच आहे.

घरांत करावयाचें म्हटलें तर फारसा खटाटोप लागत नाहीं. अध्याय लहान घ्यावा. रोज एक पान उरकण्याचा नेम असला तर मुलाला प्रश्न पडण्यास वेळच उरत नाहीं. वाचून झाल्यावर मुलाला ती गोष्ट त्याच्या शब्दांत सांगूं द्यावी. सांगतां सांगतां तें जेथें अडखळेल, तेथें बहुधा प्रश्न असतो. वडिलांना ज्याचें उत्तर ठाऊक आहे असा प्रश्न वडिलांनीं फार वेळां विचारूं नये, कारण ती परीक्षा आहे हें मूल तत्काळ ओळखतें. कांहीं भाग अवघड आहेत. मोरिया डोंगरावर अब्राहाम सुरी उचलतो, तेव्हां इसहाकाच्या वयाचें मूल ऐकत असतें, आणि तें आपल्या बापाच्या तोंडाकडे पाहतें. त्या क्षणीं तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाहीं. त्याला जवळ घ्यावें, तें सांगेल तेवढी भीति ऐकावी, व या गोष्टीनें आपल्यालाहि घाबरविलें आहे हें कबूल करावें. आणि जेथें उत्तर येत नाहीं तेथें "ठाऊक नाहीं, आपण पाहूं," असें म्हणावें; मात्र मग खरोखरच पाहावें. दुसऱ्या दिवशीं बापानें कोश काढून पान उलटलेलें मुलानें पाहिलें, तर शंभर प्रवचनांनीं होत नाहीं तेवढें काम होतें.

रमाबाईंनीं आपल्या प्रश्नांचा पाठपुरावा असाच केला, आणि तो म्हातारपणापर्यंत सोडला नाहीं. बायबलाचें चालू मराठी भाषांतर केडगांवच्या मुक्तिसदनांतील साध्या बायकांना नीट कळत नाहीं, असें त्यांना वाटे. म्हणून मूळ शब्दाचा अर्थ काय, हें पाहण्यासाठीं त्या वयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करावयास घेतलें. खिळे जुळविण्यास व छापण्यास मुक्तिसदनांतील स्त्रियाच होत्या. १९२१ सालीं मनोरमा वारली. रमाबाई काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि त्यांचें बायबल १९२४ सालीं छापून बाहेर पडलें.